आतला जीव आणि तोकडा पैसा

माँट्रियल शहराला लागून, सेंट लॉरेन्स नदीच्या पात्रात, नन्स आयलंड नावाचं बेट आहे. साठच्या दशकात तिथे उंच, सरळ रेषांच्या आधुनिक निवासी इमारती उभ्या राहू लागल्या. शहरातल्या गजबजाटापासून दूर राहायचं आणि पोहण्याचा तलाव, दुकान, दवाखाना सगळं एकाच छताखाली मिळवायचं, असं आश्वासन त्या इमारती देत होत्या. अशाच एका इमारतीत डेव्हिड क्रोननबर्ग या तिशीतल्या दिग्दर्शकाने अवघ्या १५ दिवसांत एक चित्रपट चित्रित केला. हाताशी होते सुमारे १ लाख ८० हजार कॅनेडियन डॉलर. त्याआधी त्याच्या नावावर ‘स्टिरिओ’ आणि ‘क्राइम्स ऑफ द फ्यूचर’ हे दोन प्रायोगिक चित्रपट होते आणि ते फारच थोड्यांनी पाहिलेले होते. हा नवा चित्रपट १९७५ साली ‘शिव्हर्स’ या नावाने लोकांसमोर आला. परजीवी भयपटांबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण या प्रकारातलं जे काही उत्तम आहे आणि जे काही लाजिरवाणं आहे ते या एका चित्रपटात शेजारी शेजारी बसलेलं सापडतं.

चित्रपट सुरू होतो तो इमारतीच्या जाहिरातीने. व्यवस्थापकाच्या मिठ्ठास आवाजात ‘स्टारलायनर टॉवर्स’मधल्या सुखसोयींचं वर्णन चालू असतं. एक तरुण जोडपं फ्लॅट बघायला आलेलं असतं. त्याच वेळी वरच्या एका फ्लॅटमध्ये डॉक्टर हॉब्स एका तरुणीचा जीव घेतो, तिचं पोट फाडून आत आम्ल ओततो आणि मग स्वतःचा गळा चिरतो. हळूहळू उलगडत जातं ते असं : निकामी झालेल्या अवयवाची जागा घेऊ शकेल असा परजीवी तयार करायचा, या नावाखाली हॉब्सने अनुदान मिळवलेलं असतं. प्रत्यक्षात त्याला माणसातला विचार दाबून टाकून निव्वळ वासना मोकळी सोडणारा जीव हवा असतो. त्या मुलीच्या शरीरात त्याने तो सोडलेला असतो, आणि मुलगी मरेपर्यंत तो इमारतीतल्या इतरांकडे गेलेलाही असतो.

या चित्रपटातला परजीवी म्हणजे तळहाताएवढा तपकिरी, ओलसर गोळा. तो एकटा पडद्यावर सरपटतो तेव्हा रबराचा आहे हे लपत नाही. पण क्रोननबर्गने त्याला फार वेळ एकटं ठेवलेलंच नाही. तो सांडपाण्याच्या नळीतून येतो, पत्र टाकायच्या फटीतून येतो, बाथटबच्या भोकातून वर येतो. एरवी जी इमारत नुसतं चित्रीकरणाचं ठिकाण ठरली असती, ती इथे स्वतःच एक शरीर होते. लांब कॉरिडॉर, एकसारखी दारं, लिफ्ट, भिंतींतून जाणारे पाइप हे सगळं आयतं मिळालेलं होतं. त्यासाठी सेट उभारावा लागला नाही. पैसे नसलेल्या दिग्दर्शकाने आपल्या हाताशी काय आहे हे इतक्या बारकाईने पाहिलेलं फार कमी वेळा दिसतं.

आणि मग निक ट्यूडर. विमा कंपनीत काम करणारा, बायकोशी नीट न बोलणारा हा माणूस. त्याला संसर्ग झालेला आहे. तो पलंगावर पडून स्वतःच्या पोटाकडे बघतो. कातडीखाली काहीतरी हलतं, फुगतं, सरकतं. मेकअप कलाकार जो ब्लास्को याने खोट्या कातडीखाली हवेच्या पिशव्या बसवून त्या बाहेरून फुगवल्या होत्या. पुढे हॉलिवूडमध्ये सर्रास वापरली गेलेली ही युक्ती इथे फार लवकर दिसते. पण मला त्या युक्तीपेक्षाही निकचा चेहरा महत्त्वाचा वाटतो. तो घाबरत नाही. लहान जनावराला चुचकारावं तसा तो पोटातल्या त्या जिवाशी हळू आवाजात बोलतो, त्याला ये म्हणतो. दाराबाहेर त्याची बायको रडकुंडीला आलेली आहे, आणि हा माणूस गेल्या कित्येक महिन्यांत तिच्याशी जेवढ्या मायेने बोलला नसेल तेवढ्या मायेने आतल्या कृमीशी बोलतो आहे. परजीवी भयपटाचं बळ परजीवीत नसतं, ते ज्याच्या शरीरात तो राहतो त्या यजमानात असतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्याचा सगळ्यांत जुना आणि भक्कम पुरावा म्हणजे हा प्रसंग.

याच चित्रपटाची दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. नायक डॉक्टर सेंट ल्यूक जवळजवळ निर्विकार आहे. त्याच्या डोळ्यांदेखत इमारत बुडते आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. हॉब्सचा सगळा सिद्धांत त्याचा सहकारी लिन्स्की फोनवरून समजावून सांगतो. १५ दिवसांत चित्रपट संपवायचा असला की कथेतले खड्डे असेच संवादांनी बुजवावे लागतात. सगळ्यांत वाईट म्हणजे स्त्रियांची शरीरं. पहिल्याच प्रसंगात मरणारी मुलगी एक शब्दही न बोलता जाते. तिच्यावर प्रयोग झाला, ती त्यासाठी तयार होती का, तिला काय वाटलं, यात चित्रपटाला काडीचाही रस नाही. निकला मिळालेली ती पलंगावरची दोन मिनिटं तिला मिळाली असती तर ‘शिव्हर्स’ कितीतरी मोठा चित्रपट झाला असता.

चित्रपटाला सरकारी कॅनेडियन फिल्म डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचा पैसा मिळाला होता. टोरांटोच्या ‘सॅटरडे नाइट’ मासिकात रॉबर्ट फुलफर्ड यांनी ‘मार्शल डिलेनी’ या टोपणनावाने त्यावर जळजळीत लेख लिहिला. हा चित्रपट किती वाईट आहे ते वाचकाला कळलंच पाहिजे, कारण त्याचे पैसे त्यानेच भरले आहेत, असा मथळ्याचा रोख होता. प्रकरण कॅनडाच्या संसदेपर्यंत गेलं. तो लेख वाचून घरमालकिणीने आपल्याला घर सोडायला लावलं, असं क्रोननबर्गने नंतर अनेकदा सांगितलं आहे. चित्रपटाने मात्र घातलेला पैसा परत मिळवला. करदात्यांच्या पैशातून काय बनावं हा प्रश्न फुलफर्ड यांनी विचारला याबद्दल मला तक्रार नाही. पण त्यांना त्यात फक्त किळस दिसली. सुखवस्तू इमारतीतल्या माणसांचं एकटेपण दिसलं नाही.

परजीवी आणि तोकडं बजेट यांची जोडी जमते त्याला साधं व्यावहारिक कारण आहे. अवाढव्य राक्षस दाखवायचा तर तो उभा करावा लागतो, त्याच्या पायाखाली चिरडायला शहर लागतं. भूत दाखवायचं तर निदान वाडा तरी लागतो. परजीवीचं घर म्हणजे नटाचं शरीर, आणि नटाला मानधन तर द्यायचंच असतं. नटाने पोटावर हात ठेवला, घास तोंडाशी नेऊन खाली ठेवला, मान खाजवली, आरशात जीभ बाहेर काढून पाहिली की प्रेक्षकाच्या मनात चित्रपट सुरू होतो. इतक्या स्वस्तात इतकी भीती दुसऱ्या कुठल्याही प्रकारात मिळत नाही. अडचण येते ती निर्माता धीर सोडतो तेव्हा. पोस्टरवर प्राणी छापलेला असतो, वितरकाला प्राणी हवा असतो, म्हणून प्राणी बाहेर येतो. तो बाहेर आला की बहुतेक वेळा हसू येतं.

१९५८चा ‘द ब्रेन ईटर्स’ हे त्याचं बोलकं उदाहरण. जेमतेम तासाभराचा चित्रपट, खर्च २६ हजार डॉलरच्या आसपास, पाठीशी निर्माता रॉजर कॉर्मन. माणसांच्या मानेला चिकटून त्यांच्या मनाचा ताबा घेणारे परजीवी म्हणून इथे चावीची खेळणी वापरली होती. एका जुन्या फरकोटाचे तुकडे त्यांवर चढवलेले आणि मिशांच्या जागी पाइप साफ करायच्या लवचिक तारा. अभिनेता एड नेल्सन चित्रपटाचा निर्माताही होता आणि ही खेळणी तयार करण्यातही त्याचा हात होता. जमिनीवरून ती घरंगळत येतात तेव्हा भीतीचा लवलेशही उरत नाही. पण याच चित्रपटात ताब्यात गेलेली माणसं गावच्या रस्त्यांवरून कोऱ्या चेहऱ्याने फिरतात, टेलिफोन कचेरी आणि पोलीसचौकी आपली राहिलेली नाही हे लक्षात येतं, ते प्रसंग आजही अंगावर येतात. त्यांना एका पैशाचाही जादा खर्च आलेला नाही. कल्पना मात्र उसनी होती. १९५१ साली आलेल्या ‘द पपेट मास्टर्स’ या कादंबरीचा लेखक रॉबर्ट हाइनलाइन याने चोरीचा दावा लावला आणि प्रकरण न्यायालयाबाहेर मिटवावं लागलं.

पुढच्याच वर्षी दिग्दर्शक विल्यम कॅसलने ‘द टिंगलर’मध्ये वेगळा मार्ग काढला. माणूस घाबरला की त्याच्या पाठीच्या कण्यावर एक परजीवी वाढतो आणि किंचाळी मारली तरच तो दुबळा पडतो, अशी कल्पना. कॅसलने काही थिएटरांमधल्या खुर्च्यांखाली थरथरणाऱ्या मोटारी बसवल्या आणि त्याला ‘पर्सेप्टो’ असं नाव दिलं. पडद्यावर टिंगलर थिएटरात मोकाट सुटतो आणि त्याच क्षणी खुर्ची हलते. त्याची आठवण लोक याच करामतीसाठी काढतात. मला मात्र चित्रपटातली ती मूकबधिर बाई आठवते. तिला किंचाळताच येत नाही. भीती बाहेर टाकायचा एकमेव रस्ता तिच्यापुरता बंद आहे. कृष्णधवल चित्रपटात तिच्यासमोरच्या बाथटबमधलं रक्त तेवढं लाल दिसतं. त्यासाठी सेट राखाडी-पांढऱ्या रंगांत रंगवून, नटीलाही राखाडी मेकअप करून तो तुकडा रंगीत फिल्मवर घेतला होता. मोटारींचा खर्च केला नसता तरी या बाईच्या जोरावर चित्रपट तरला असता.

१९७९ साली ‘एलियन’ आला. त्याला ‘लो-बजेट’ म्हणता येणार नाही, खर्च १ कोटी डॉलरच्या वर होता. पण नंतरच्या स्वस्त चित्रपटांचं भलं आणि बुरं दोन्ही त्याने ठरवलं. पटकथाकार डॅन ओबॅनन याला आतड्यांचा क्रोन्स आजार होता, पोटातल्या दुखण्याशी त्याची आयुष्यभराची ओळख होती. छाती फोडून बाहेर पडणाऱ्या जिवाच्या प्रसंगात ती ओळख जाणवते. आणि तिथे यजमान पुरुष आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. यातलं नेमकं काहीच न उचलता पुढच्या दहा वर्षांत नकलांची रांग लागली. इटलीत ‘कंटॅमिनेशन’, ब्रिटनमध्ये ‘इन्सेमिनॉइड’, अमेरिकेत चार्ल्स बँडचा त्रिमितीय ‘पॅरासाइट’. शेवटच्यात डेमी मूर तिच्या सुरुवातीच्या एका भूमिकेत दिसते आणि प्राणी घडवण्यात पुढे विख्यात झालेला स्टॅन विन्स्टन होता. एवढा हुन्नर हाताशी असूनही चित्रपट निष्प्राण आहे, कारण पोट कुणाचं फुटलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कॉर्मनने काढलेल्या ‘गॅलक्सी ऑफ टेरर’मध्ये तर प्रचंड अळी एका स्त्रीवर बलात्कार करते असा प्रसंग आहे. तो केवळ तिकिटं खपवण्यासाठी आहे. या प्रकारावरचा तो डाग आहे आणि ‘त्या काळी असंच चालायचं’ म्हणून तो पुसला जाऊ नये.

त्या दशकातला मला मनापासून आवडणारा चित्रपट म्हणजे फ्रँक हेननलॉटरचा ‘ब्रेन डॅमेज’ (१९८८). न्यूयॉर्कमधल्या ब्रायन नावाच्या तरुणाच्या मानेला एक प्राचीन परजीवी चिकटतो. नाव एल्मर, आवाज अत्यंत सुसंस्कृत, अगदी रेडिओवरच्या निवेदकासारखा. तो ब्रायनच्या मेंदूत निळा द्रव सोडतो आणि ब्रायनला जग लखलखीत दिसू लागतं. मोबदल्यात एल्मरला माणसांचे मेंदू खायला हवे. बाहुली अगदी बाहुलीच दिसते, तरी काही बिघडत नाही, कारण आपण बाहुलीकडे बघतच नाही. ब्रायन हॉटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतो, द्रव न घेता राहायचं ठरवतो, घामाने भिजतो, विव्हळतो, आणि एल्मर शांतपणे वाट बघत गाणं म्हणत बसतो. व्यसनमुक्तीच्या प्रयत्नाचं इतकं खरं चित्रण मी मोठ्या गंभीर चित्रपटांतही क्वचित पाहिलं आहे. याच चित्रपटात एका स्त्रीच्या मृत्यूचा असा ओंगळ प्रसंग आहे की तो चित्रित होताना युनिटमधली माणसं सेटवरून निघून गेली होती. ती निघून गेली ते बरोबरच केलं.

आता विज्ञानाकडे वळतो, कारण निसर्गातले परजीवी बघितले की पटकथाकारांची कल्पनाशक्ती फिकी पडते. सायमोथोआ एक्झिग्वा हा झिंग्या-खेकड्यांच्या कुळातला छोटा जीव माशाच्या कल्ल्यांतून आत शिरतो, मादी जिभेला धरून रक्त शोषते, जीभ सुकून जाते आणि मग तो जीव स्वतःच जिभेच्या जागी बसतो. मासा त्याला जीभ म्हणून वापरत जगतो. माणसाला त्याचा धोका नाही. बॅरी लेव्हिन्सनने २०१२ साली ‘द बे’मध्ये त्याला माणसाच्या शरीरात आणलं. लेव्हिन्सन म्हणजे ‘रेन मॅन’साठी ऑस्कर मिळालेला दिग्दर्शक, मूळचा बाल्टिमोरचा. चेसापीक उपसागराच्या प्रदूषणावर माहितीपट करायची विचारणा त्याच्याकडे झाली होती. त्या विषयावर चांगला माहितीपट आधीच झालेला आहे आणि त्याने फारसा फरक पडलेला नाही हे पाहून त्याने सुमारे २० लाख डॉलरमध्ये भयपट केला. मोबाइल, वेबकॅम, पोलिसांच्या गाडीतले कॅमेरे असं सगळं चित्रण जोडून, एका गावाच्या ४ जुलैच्या उत्सवाची ही गोष्ट तो सांगतो. कोंबडीपालनाची घाण उपसागरात जाते आहे, ते पाणी शुद्ध करून गावाला पाजलं जातं आहे, आणि महापौराला ते ऐकून घ्यायचं नाही.

या चित्रपटात काय फसलं आहे हे सांगणं सोपं आहे. अधूनमधून प्राणी कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि दचकवतो, ते नसतं तरी चाललं असतं. निवेदन करणारी वार्ताहर तरुणी फार समजावून सांगते. पण इस्पितळातला तो एकटा डॉक्टर बघा. कॉरिडॉर रुग्णांनी भरलेले, सहकारी एकेक करून गेलेले, आणि तो व्हिडिओ कॉलवर रोगनियंत्रण केंद्रातल्या अधिकाऱ्यांना सांगतो आहे की इथे जे चाललं आहे ते मला कळत नाही. पलीकडच्यांनाही कळत नाही. अमेरिकेतल्या थिएटरांत हा चित्रपट जवळजवळ कुणीच पाहिला नाही. त्यातलं प्रदूषण मात्र खरं आहे. खतं आणि कोंबड्यांची विष्ठा यांतून आलेल्या नत्र-स्फुरदामुळे चेसापीकच्या तळाशी दर उन्हाळ्यात प्राणवायू संपलेले पट्टे तयार होतात.

टोबी विल्किन्सचा ‘स्प्लिंटर’ (२००८) एका निर्जन पेट्रोल पंपावर घडतो. काचेच्या आत तीन माणसं, बाहेर मेलेल्या शरीरांना हलवणारा काटेरी परजीवी. तो उष्णतेवर येतो हे ओळखून त्यातला जीवशास्त्राचा विद्यार्थी बर्फाच्या पिशव्यांनी स्वतःचं शरीर थंड करतो आणि बाहेर पडतो. दुकानात बर्फ असतोच. गरज आणि कथा यांची गाठ इतकी नेमकी पडलेली पाहून आनंद होतो. फक्त हल्ला झाला की कॅमेरा इतका हिंदकळतो की काहीच दिसत नाही, आणि दिसू नये म्हणूनच तो हिंदकळतो आहे हे कळतं. शेन कॅरुथच्या ‘अपस्ट्रीम कलर’मध्ये (२०१३) तर राक्षस नाहीच. एक अळी पोटात जाते, स्त्रीची इच्छाशक्ती हिरावली जाते, घर-पैसा-नोकरी सगळं जातं, आणि उरलेला चित्रपट ती स्वतःला पुन्हा गोळा करते त्याचा आहे. ‘शिव्हर्स’मधल्या त्या मुक्या मुलीला जे मिळालं नाही ते इथल्या नायिकेला मिळालं. नॅसा हार्डिमन या आयरिश दिग्दर्शिकेचा ‘सी फीव्हर’ टोरांटोच्या महोत्सवात २०१९ साली दाखवला गेला आणि एप्रिल २०२०मध्ये प्रदर्शित झाला. मासेमारीच्या ट्रॉलरवर परजीवी पसरतो, आणि किनाऱ्याला लागायचं नाही असा हट्ट एक तरुण संशोधिका धरते. बाकी सगळ्यांना घरी जायचं आहे. त्या महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे जगभरची माणसं दारं लावून बसली होती.

आपल्याकडे कमी पैशांतल्या भयपटांची परंपरा आहे, परजीवीची नाही. रामसे बंधूंनी १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ महाबळेश्वरला जाऊन केला. भावांनीच कॅमेरा, ध्वनी, लेखन, दिग्दर्शन वाटून घेतलं. काटकसरीचा तो आदर्श आहे, पण त्यांचं भय नेहमी बाहेरून, मुखवटा घालून आलं. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८), ज्याची प्रेरणा नारायण धारप यांच्या कथेत आहे, शरीरातून झाड उगवलेली, तरीही न मरणारी ती म्हातारी दिसते तेव्हा पहिल्यांदा आपल्या मातीतला यजमान पडद्यावर आल्यासारखं वाटलं.

आणि महाराष्ट्राजवळ तर नारू नावाचा परजीवी कृमी होता. बारवेच्या पाण्यातल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सायक्लॉप्स या जिवांमधून त्याच्या अळ्या माणसाच्या पोटात जायच्या. जवळपास वर्षभर काही कळायचं नाही. मग पायावर फोड यायचा, आग व्हायची, माणूस पाय थंड पाण्यात बुडवायचा, आणि नेमकी तीच संधी साधून मादी पाण्यात हजारो अळ्या सोडायची. बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात उभं राहणारा माणूस आपल्याच गावाला नारू पाजायचा. फोडातून डोकावणारा, कधी हात-दीड हात तर कधी त्याहून लांब कृमी काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावा लागे. तुटला तर पाय सुजून पिकायचा. औषध नव्हतं, लस नव्हती. ज्या सात राज्यांत हा रोग होता त्यांत महाराष्ट्र होता. १९८३-८४मध्ये सुरू झालेल्या निर्मूलन मोहिमेने पाणी वस्त्रगाळ करायला लावलं, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या किंवा बदलल्या, हातपंप बसवले, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं औषध टाकलं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं.

या कथेला रबराचा एकही प्राणी लागत नाही. बारव लागते, एक पाय लागतो, काडी लागते, आणि पाण्यात उतरू नको हे सांगायला गावोगाव फिरणारा आरोग्यसेवक लागतो. ज्यांच्या पायातून नारू निघाला, ज्यांनी घरातल्या माणसाचा तो काडीवर गुंडाळला, त्यांतली बरीच माणसं अजून आपल्यात आहेत, पण आता वयस्क झाली आहेत. मोबाइलवर लघुपट करणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे : राक्षस शोधायच्या आधी एकदा गावी जा, त्यांच्याशेजारी बसा आणि त्यांना काय वाटलं होतं ते सगळं विचारून घ्या.